नकाशा डोक्यातला, मुक्काम दिवेआगरचा!

माहीत आहे का, दिवेआगरच्या नावावर अशी एक 'फाइल' आहे जी साडेनऊशेहून जास्त वर्षं झाली तरी अजून उघडते? पासवर्ड नाही, अपडेट नाही, 'तुमचा प्लॅन संपला आहे' अशी मेल नाही! ती फाइल म्हणजे शके ९८२, अर्थात इसवी सन १०६० मधला दिवेआगरचा ताम्रपट. मराठीतल्या सगळ्यात जुन्या ताम्रपटांची यादी काढा, हे नाव त्यात असणारच.

आता तुमच्या फोनमधला चार वर्षांपूर्वीचा एखादा प्लॅन उघडून बघा. ॲप बंद पडलंय? ट्रायल संपलीय? फाइल दिसतेय, पण ती उघडणारं काहीच नाही? मग ही सैर खास तुमच्यासाठी!

विषय आहे माइंड मॅपिंग सॉफ्टवेअर. मधोमध एक कल्पना, तिला चहूबाजूंनी फुटलेल्या फांद्या, फांद्यांना डहाळ्या. आणि सॉफ्टवेअर निवडायची आपली कसोटी आहे 'ताम्रपट टेस्ट'. कंपनी उद्या गेली, तरी तुमचा नकाशा उरतो का? या एका प्रश्नावर निम्मी दुकानं गाळली जातात!

चला, आधी थोडा इतिहास. एसटीच्या वेगानं नाही, स्पीडबोटीच्या!

झाड उलटं, डोकं सुलटं

भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ आठवतोय? मुळं वर, फांद्या खाली. आता कॉम्प्युटरमधल्या फोल्डरची आकृती आठवा. तिथेही 'रूट' वर आणि फांद्या खाली! इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला 'हे झाड उलटं का?' असं विचारणाऱ्या मुलांना आता उत्तर देता येईल: आपल्याकडे ते आधीपासूनच उलटं आहे.

तिकडे तिसऱ्या शतकात पोर्फिरी नावाच्या तत्त्वज्ञानं ॲरिस्टॉटलच्या वर्गवारीवर लिहिलं. त्यावरून मध्ययुगातल्या हस्तलिखितांत झाडं काढली गेली. द्रव्य, मग सजीव, मग प्राणी, मग माणूस. तर्कशास्त्राची ही फांदी-फांदी पुढे शेकडो वर्षं विद्यार्थी घोकत राहिले.

आणि आपल्या कोकणातले कुलवृत्तांत? मूळपुरुष एका टोकाला, पिढ्या पसरत चाललेल्या, मधेच एखादी शाखा इंदूरला तर दुसरी बडोद्याला. घरातला तो जाडजूड ग्रंथ काढून वंशवृक्षाचं पान उघडा. माइंड मॅप कसा वाचायचा हे तुमच्या आजोबांना आधीच येत होतं!

पण 'माइंड मॅप' या नावाची क्रेझ कुणी आणली? टोनी बुझान! १९४२ मध्ये लंडनला जन्मलेला हा गृहस्थ १९७४ मध्ये बीबीसीवर झळकला आणि वही आडवी धरायला शिकवून गेला. त्याचे नियम झकास होते. मध्यभागी चित्र काढा. किमान तीन रंग वापरा. फांद्या सरळ नको, वळणदार हव्या. आणि एका फांदीवर एकच शब्द! पुढे १९९१ मध्ये जागतिक स्मरणशक्ती स्पर्धा सुरू करणाऱ्यांतही तोच. त्याच्या पुस्तकांत बोइंग कंपनीतल्या एका माइंड मॅपचा किस्सा येतो: लांबी तब्बल २५ फूट! विमानाच्या भल्यामोठ्या मॅन्युअलचा तो एकच नकाशा.

बरं, याचा उपयोग होतो का? २००२ मध्ये लंडनच्या ५० मेडिकल विद्यार्थ्यांवर एक प्रयोग छापून आला. एका गटानं माइंड मॅप काढून अभ्यास केला, दुसऱ्यानं आपापल्या पद्धतीनं. आठवड्यानंतर नकाशेवाल्यांची आठवण सुमारे दहा टक्क्यांनी पुढे! गंमत म्हणजे त्याच नकाशेवाल्यांचा उत्साह मात्र कमी होता. आकृती काढायचा कंटाळा! हात दुखला, पण लक्षात राहिलं.

आणि हा कंटाळा घालवायला आलं सॉफ्टवेअर.

हॉस्पिटलच्या खाटेवरून आलेला प्रोग्राम

माहीत आहे का, या धंद्यातलं एक मोठं नाव आजारपणातून उभं राहिलं? माइक जेटर हा जर्मन प्रोग्रामर १९९० च्या दशकात ल्युकेमियाशी झुंजत होता. उपचारांच्या त्या काळात त्यानं एका प्रोग्रामची आखणी केली. नाव ठेवलं 'माइंडमॅन'. तोच पुढे 'माइंडमॅनेजर' झाला, मोठमोठ्या ऑफिसांत शिरला आणि २०१६ मध्ये कोरेल कंपनीनं विकत घेतला. अशा माणसाला मनापासून सलाम!

२००७ मध्ये आलं 'माइंडमायस्टर'. खासियत काय? ब्राउझरमध्ये उघडा आणि चौघं जण एकाच वेळी एकाच नकाशात लिहा. आज हे साधं वाटतं. तेव्हा नव्हतं!

'मिरो' माहीत असेल, भला मोठा पांढरा फळा. त्याचं बारशाचं नाव 'रिअलटाइमबोर्ड' होतं. २०१९ मध्ये नाव बदललं.

आणि फुकटात हवं असेल तर 'फ्रीमाइंड' आणि त्याच्यापासून फुटलेलं 'फ्रीप्लेन'. मुक्त सॉफ्टवेअर, पैसे शून्य, इंटरनेटची गरजही शून्य. दिसायला साधं आहे, मान्य. पण या साध्या जिवाकडे पुढे परत यायचंय, लक्षात ठेवा.

मावशीचा होमस्टे, भाचीचा लॅपटॉप

आता खरी मजा. समजा, दिवेआगरात तुमच्या मावशीची वाडी आहे. मागे माड, पोफळी, मधे पाट, पुढे कौलारू घर. येत्या दिवाळीपर्यंत दोन खोल्यांचा होमस्टे सुरू करायचाय. मावशी म्हणते, "अगो, कामं इतकी आहेत की सुरुवात कुठून करू तेच कळत नाही." तुम्ही लॅपटॉप उघडता. मधोमध लिहिता: होमस्टे.

पहिल्या दहा मिनिटांचा नियम: क्रम लावायचा नाही! मावशी बोलेल ते टाइप करायचं. टाकी. गाद्या. मोदक. परवानगी. इन्व्हर्टर. फोटो. पंप. 'मोदक कोण वळणार?' रंग. पाटी. ॲडव्हान्स. पुन्हा टाकी!

इथे दोन कळा तुमच्या जिवलग मैत्रिणी. बहुतेक सगळ्या माइंड मॅप प्रोग्राममध्ये टॅब दाबली की पोटफांदी येते आणि एंटर दाबली की शेजारची फांदी. एवढं जमलं की माउस बाजूला ठेवा आणि मावशीच्या बोलण्याचा वेग पकडा.

मग ओढाओढ! टाकी आणि पंप 'पाणी' या फांदीखाली. मोदक, सोलकढी, मासळीचं ताट आणि 'मंगळवारी मांसाहार नको म्हणणारे पाहुणे' हे 'स्वयंपाक' खाली. फोटो आणि पाटी 'जाहिरात' खाली. कागदावर ही ओढाओढ म्हणजे खाडाखोड, इथे नुसतं धरा आणि सोडा. माझ्या मते सॉफ्टवेअर घ्यायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. रंग, आयकॉन, चित्रं हा सगळा नंतरचा साज!

किती फांद्या? १९५६ मध्ये जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञानं गाजवलेला आकडा आहे सात, दोन कमी किंवा दोन जास्त. एका दमात डोक्यात तेवढ्याच गोष्टी मावतात म्हणे. २००१ मध्ये नेल्सन कोवान म्हणाला, सात कुठले, चारच! म्हणून मधल्या 'होमस्टे'ला पाच-सहा मोठ्या फांद्या पुरेत: खोल्या, पाणी-वीज, स्वयंपाक, परवानग्या, जाहिरात, पैसे. आठवी फांदी फुटली की समजा, दोन फांद्यांचं लग्न लावायची वेळ आली.

बुझानसाहेबांचा 'एक फांदी, एक शब्द' हा नियम पहिल्या फेरीत पाळा. दुसऱ्या फेरीत मोडा! कारण नुसतं 'टाकी' लिहिलं तर दिवाळीपर्यंत टाकी तशीच राहते. 'टाकी धुऊन घेणे, काका, गणपतीच्या आधी' असं लिहिलं की ती धुतली जाते. अभ्यासाच्या नकाशाला नाम चालतं, कामाच्या नकाशाला क्रियापद लागतं.

'परवानग्या' ही फांदी मात्र कोपऱ्यात ढकलू नका. समुद्राकाठी आहात! किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर निर्बंध आणणारी सीआरझेडची पहिली अधिसूचना आली १९९१ मध्ये. आणि २०१९ च्या अधिसूचनेत एक अफलातून आकडा बसलाय: २१६१! ग्रामीण किनारी भागात २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त माणसं राहत असतील तर भरतीरेषेपासून ५० मीटरचा पट्टा बांधकामाला बंद, कमी असतील तर २०० मीटरचा. म्हणजे तुमची खोली बांधता येणार की नाही, हे शेजाऱ्यांच्या संख्येवरही अवलंबून! शिवाय पर्यटन खात्याकडे 'निवास-न्याहारी'ची नोंदणी आहेच. नकाशात या फांदीवर लाल झेंडा लावा आणि 'रंग', 'गाद्या' या फांद्यांकडून तिच्याकडे बाण काढा. हिचं होईपर्यंत त्यांनी थांबायचं.

श्रीवर्धन टेस्ट

माहीत आहे का, 'ॲडव्हान्स' मधला 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये बरंच उशिरा आलं? देवनागरी पहिल्याच आवृत्तीत, १९९१ मध्ये होती. पण स्वतंत्र 'ॲ' ला २००८ साल उजाडावं लागलं! म्हणून काही जुन्या फाँटमध्ये मावशीचा ॲडव्हान्स चौकोनी डबा होऊन बसतो.

सॉफ्टवेअर घेण्याआधी हे वाक्य टाइप करा: 'श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर सुवर्णगणेशाच्या भक्तांचा ॲडव्हान्स'. यात श्र आहे, रफार आहे, 'ऱ्या' आहे, क्त आहे आणि तो उशिरा आलेला ॲ आहे. स्क्रीनवर ठीक दिसलं? थांबा, इतक्यात टाळ्या नकोत! आता त्याचं पीडीएफ काढा. खरी परीक्षा इथे. स्क्रीनवर सुरेख दिसणारी मराठी काही प्रोग्राममध्ये पीडीएफ होताना फुटते, वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. आणि मावशीच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तर तोच कागद लागणार आहे.

हो, आणि सुवर्णगणेशाच्या तारखा माहीत आहेत ना? १७ नोव्हेंबर १९९७ ला इथल्या एका वाडीत जमिनीखाली तांब्याच्या पेटीत सोन्याचा मुखवटा सापडला आणि दिवेआगर महाराष्ट्राच्या नकाशावर लखलखलं. २४ मार्च २०१२ ला दरोडा पडला, मुखवटा गेला. पुढे जप्त झालेल्या सोन्यातून तो पुन्हा घडवला गेला आणि २३ नोव्हेंबर २०२१ च्या अंगारकीला गणराय परत विराजमान झाले. होमस्टेच्या नकाशात 'संकष्टी-अंगारकी' ही वेगळी डहाळी का हवी, हे आता सांगायला नको. त्या दिवशी खोल्या कधी फुल्ल, मोदक कधी दुप्पट!

पुढची चाचणी: वाय-फाय बंद करा. पावसाळ्यात किनाऱ्यावर वीज आणि नेटवर्क दोन्ही लपंडाव खेळतात. नेट गेल्यावर नकाशा उघडला नाही तर ते सॉफ्टवेअर मुंबईच्या भाचीला ठीक, मावशीला नाही. मग करायचं काय? माझं मत सरळ आहे. पहिली बैठक सगळे एकत्र बसून ऑनलाइन करा, चौघं चार फोनवरून लिहितील. मग तो नकाशा खाली उतरवा आणि ऑफलाइन प्रोग्राममध्ये सांभाळा.

आता घ्या ताम्रपट टेस्ट!

एक जादू दाखवू? 'एक्समाइंड' या माइंड मॅप प्रोग्रामची कुठलीही फाइल घ्या, तिची एक कॉपी करा आणि नावाच्या शेवटी '.एक्समाइंड' ऐवजी '.झिप' लिहा. ती उघडते! आत तुमचा सगळा मजकूर एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये बसलेला असतो. गुपित काही नाही, ते आधीपासून झिपच होतं.

फ्रीमाइंड-फ्रीप्लेनची '.एमएम' फाइल तर मुळातच टेक्स्ट आहे. नोटपॅडमध्ये उघडली तर मराठी अक्षरांच्या जागी आकड्यांचे कोड दिसू शकतात. घाबरू नका, मराठी हरवलेली नाही, नुसती वेष बदलून बसलीय. शिवाय ही फाइल इतर अनेक माइंड मॅप प्रोग्रामनाही वाचता येते. म्हणून म्हटलं होतं, या साध्या जिवाकडे परत यायचंय!

तिसरं नाव ओपीएमएल. डेव्ह वायनर या प्रोग्रामरनं २००० साली याद्यांची देवाणघेवाण व्हावी म्हणून काढलेला फॉर्मॅट. एका माइंड मॅप ॲपमधून काढा, दुसऱ्यात घाला. फांद्या शाबूत, रंग मात्र वाटेत गळतात.

तर दुकानदारानं चकचकीत टेम्पलेट दाखवले की मान डोलवा आणि एकच प्रश्न विचारा: एक्स्पोर्टमध्ये काय काय आहे? फक्त चित्र असेल तर नमस्कार! चित्रातल्या फांद्या उद्या हलवता येत नाहीत. ओपीएमएल, एमएम किंवा साधा टेक्स्ट असेल तर बसा, चहा घ्या, बोलणी करा. आणि फुकट खात्यात किती नकाशे ठेवता येतात हे आधी वाचा. चार-दोन नकाशे झाले की बऱ्याच ऑनलाइन सेवा पैसे मागतात, आणि होमस्टेला तर 'गणपती गर्दी', 'शाळांच्या सहली', 'वाडीची कामं' असे नकाशे पटापट वाढतात.

पोफळीला कॅलेंडर लागतं

माइंड मॅपची एक मर्यादा आहे आणि ती वाडीत उभं राहिलं की लगेच कळते. नकाशात वेळ दिसत नाही!

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं. वारा ताशी १०० किलोमीटरहून जोराचा. दिवेआगर, श्रीवर्धनच्या माड-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीचा हा मुलूख. त्यासाठी श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आहे. एका वादळानं पिढ्यांची झाडं भुईसपाट केली. बाग पुन्हा उभी करायची तर नकाशात 'रोपं', 'पाट', 'सावली', 'आंतरपीक' अशा फांद्या पटकन निघतात. पण पोफळीचं रोप लावल्यावर सुपारी हातात यायला पाच ते सात वर्षं लागतात, हे कुठली फांदी सांगणार? त्या मधल्या वर्षांत घर चालवायचं तर केळी कधी, मसाल्याची झाडं कधी, पहिला पैसा कधी? इथे हवा आडव्या पट्ट्यांचा तक्ता, गँट चार्ट.

आणि माहीत आहे का, तो गँटच्या आधीच कुणीतरी काढला होता? पोलंडचा कारोल आदामिएत्स्की. साल १८९६! पण त्यानं ते पोलिश भाषेत आणि तेही फार उशिरा छापलं, तोवर १९१० च्या दशकात अमेरिकेच्या हेन्री गँटचं नाव तक्त्याला चिकटलं होतं. मराठीत भन्नाट काही शोधलंत तर छापून टाका बुवा, उशीर नको!

म्हणून जोडी जमवा: विचार पसरायला माइंड मॅप, तारखा बांधायला गँट. माइंडमॅनेजरसारख्या काही प्रोग्राममध्ये एकाच कामाची ही दोन्ही रूपं मिळतात. फुकटातलं घेतलं असेल तर नकाशातली यादी साध्या स्प्रेडशीटमध्ये चिकटवा, शेजारी तारखेचा रकाना काढा. झालं!

एक तारीख तर निसर्गच बांधून देतो. या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी आणि पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस. वाळू जास्त तापलेली असेल तर माद्या जास्त! बागमांडल्याहून फेरीबोटीनं वेसवीला उतरलं की पुढे वेळास, कासव महोत्सवासाठी गाजलेलं गाव. घरटं सापडल्याची तारीख नकाशात टाका, ४५ दिवस पुढे मोजा, पाहुण्यांना कळवा. होमस्टेच्या 'जाहिरात' फांदीला याहून गोंडस डहाळी मिळायची नाही.

माशाचा काटाही कामाला!

मत्स्याहारी मंडळी, खूश व्हा. जपानच्या काओरू इशिकावानं गाजवलेली एक आकृती आहे, चक्क माशाच्या सांगाड्याची! डोक्याशी अडचण लिहायची, काट्यांवर तिची कारणं. १९६० च्या दशकात कावासाकीच्या गोदीतून ती जगभर पोहली. एक्समाइंडमध्ये माइंड मॅपचं रूप एका क्लिकवर 'फिशबोन' करता येतं. डोक्याशी लिहा: 'पाहुणे दुसऱ्यांदा येत नाहीत'. काट्यांवर: गरम पाणी, डास, रस्ता, जेवायची वेळ. सुरमई खाताना काटा टाळतात, इथे काटाच चघळायचा!

एआयचं काय? आलंय की! गूगलच्या नोटबुकएलएममध्ये २०२५ पासून तुमच्या कागदपत्रांचा माइंड मॅप आपोआप निघतो. सीआरझेडची लांबलचक अधिसूचना त्यात टाकून बघा, वाचायला कुठून सुरुवात करायची ते दिसेल. होमस्टेचा पहिला नकाशा मात्र यंत्राकडून मागवू नका. त्याला पाटाचं पाणी कुठे तुंबतं, शेजारची काकू मोदकाला मदत करते का आणि इन्व्हर्टर कुणी उधार आणलाय, यातलं काहीच माहीत नाही. मावशीला सगळं माहीत आहे.

आणि शेवटचा चटका, बॅकअपवाल्यांसाठी!

१८३७ मध्ये अठ्ठावीस वर्षांच्या चार्ल्स डार्विननं एका वहीत वर लिहिलं 'मला वाटतं' आणि खाली एक वेडंवाकडं फांद्यांचं झाड काढलं. जगातला सगळ्यात भारी माइंड मॅप म्हणा ना! बावीस वर्षांनी त्याचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' आलं, त्यात आकृती एकच आणि तीही फांद्यांचीच. ती वही केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयातून गायब झाल्याचं २००१ मध्ये लक्षात आलं. वीस वर्षं पत्ता नाही! पण वहीचे फोटो आधीच काढून ठेवलेले होते, म्हणून अभ्यासकांचं काम एक दिवसही अडलं नाही. मग मार्च २०२२ मध्ये ग्रंथालयात, जिथे कॅमेरा नव्हता नेमक्या त्या जागी, कुणीतरी एक गुलाबी गिफ्ट बॅग ठेवून गेलं. आत ती वही, तिच्यासोबत हरवलेली दुसरी वही आणि ग्रंथपालांना ईस्टरच्या शुभेच्छा!